बारावीचे गुण आणि रिकामे वर्ग



राज्यभरातील डॉक्टरांना पदवी देणाऱ्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय १९९८ पासून या नाशकात आहे. सुरगाणा-पेठच्या आश्रमशाळेत विज्ञान शिकणाऱ्या मुलीला त्या पदवीपर्यंत नेणारी वाट कोणती, हे पाहू गेल्यास प्रथम बारावीच्या गुणांचे काय झाले ते पाहावे लागते.

एके काळी या गुणांवरच वैद्यकीय प्रवेश होत. त्या पद्धतीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. एकेका गुणासाठी जीव टांगणीला लागे आणि शिकवण्यांचा बाजार तेव्हाही तेजीत होता. पुढे १९९९ पासून राज्याची सामायिक परीक्षा आली, नंतर ‘नीट’. आज बारावीचे गुण केवळ उंबरठ्यापुरते उरले आहेत: ‘नीट’साठी खुल्या वर्गाला ५० टक्के, राखीव वर्गांना ४०. अभियांत्रिकीसाठी २०१४ साली बारावी व ‘जेईई’ यांना निम्मे-निम्मे वजन देण्यात आले. तो प्रयोगही लवकरच गुंडाळला गेला.

ज्या वर्गातील अभ्यासाला प्रवेशाच्या बाजारात किंमत नाही, तो वर्ग ओस पडतो. विद्यार्थ्याचे नाव कनिष्ठ महाविद्यालयाच्या पटावर, विद्यार्थी मात्र खाजगी क्लासमध्ये! २०१८ साली शासनाला विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला, यातच सारे आले. क्लासची फी भरणाऱ्या शहरी पालकाचे यात काही बिघडत नाही. आश्रमशाळेतील मुलीला मात्र त्या वर्गाखेरीज दुसरा आधारच नाही. राखीव जागा आहेत व त्या राहिल्याच पाहिजेत; पण त्यांच्या आतही फी भरू शकणारा पुढे सरकतो.

म्हणून जुनी गुणवत्ता यादी परत आणा, असे म्हणणे सोपे आहे. परंतु २०२१ साली करोनामुळे परीक्षा रद्द झाली, दहावी, अकरावी व बारावीच्या गुणांची बेरीज करून निकाल लागला आणि तो ९९.६३ टक्के ठरला. अशा फुगलेल्या आकड्यांनी कोणाची निवड करणार?

गुण मोजावेत, पण ते ज्या शाळेत मिळाले त्या शाळेच्या संदर्भात. अमेरिकेतील टेक्सास राज्याने १९९७ साली प्रत्येक शाळेच्या वरच्या दहा टक्के विद्यार्थ्यांना सरकारी विद्यापीठांत प्रवेशाची हमी दिली. तामिळनाडूने २०२० साली ‘नीट’ कायम असतानाच सरकारी शाळांतील मुलांसाठी वैद्यकीय शिक्षणाच्या साडेसात टक्के जागा राखल्या. महाराष्ट्रानेही आश्रमशाळा व जिल्हा परिषद शाळांतून आलेल्यांसाठी आपल्या वाट्याच्या जागांत असा हिस्सा काढावा, ही मागणी कार्यकर्त्यांनी तालुक्या-तालुक्यांतून उठवली पाहिजे. आणि तिच्याबरोबरच त्या शाळांतील विज्ञान शिक्षकांची रिकामी पदे भरण्याची.