व्होल्ट, अँपिअर आणि आपली मोटर
(जिल्हा बैठकीतील भाषण)



आपण कापूस-ज्वारीवाले कोरडवाहू शेतकरी. आपल्या विहिरीला पाणी थोडं, वीज त्याहून थोडी. म्हणून आज मावळातल्या पाण्यापासून सुरुवात करतो.

लोणावळ्याला टाटांच्या वीजयोजनेची कोनशिला १९११ साली बसली. लोणावळा, वळवण आणि शिरवटा इथे पाणी अडवलं, ते नळांतून घाटाखाली सुमारे ५०० मीटर सोडलं आणि १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळाली. भीमेच्या खोऱ्यातलं, पूर्वेला वाहणारं पाणी पश्चिमेला वळलं. पुढे शेजारच्या मुळशीत धरणाखाली जमिनी जाऊ लागल्या, तेव्हा १९२१ ते १९२४ मावळ्यांनी सेनापती बापटांसोबत सत्याग्रह केला. जमिनी गेल्या त्या गेल्याच.

आपल्याला शिकायचा आहे तो त्या योजनेतला एक हिशेब. खोपोलीहून मुंबईला वीज नेली ती सुमारे १ लाख व्होल्टच्या दाबाने. एवढा दाब कशासाठी?

पाण्याची उंची म्हणजे व्होल्ट. नळातून वाहणारी धार म्हणजे अँपिअर. नळाचा अडथळा म्हणजे ओहम. व्होल्टला अँपिअरने भागलं की अडथळा निघतो; व्होल्टला अँपिअरने गुणलं की शक्ती, म्हणजे वॅट निघतात. ७४६ वॅट म्हणजे १ हॉर्सपॉवर. दाब १०० पट केला तर तेवढीच शक्ती न्यायला धार शंभरावा हिस्सा पुरते. तारेत जळणारी वीज धारेच्या वर्गाप्रमाणे चालते, म्हणून ती दहा हजारावा हिस्सा होते. गिरणीसाठी हा हिशेब १९१५ सालीच झाला. आपल्या लांबलचक, बारीक तारांसाठी तो कोणी केला?

आता घरातली शेगडी घ्या. २३० व्होल्टवर १००० वॅटची. १००० भागिले २३०, म्हणजे ४.३५ अँपिअर. २३० भागिले ४.३५, म्हणजे सुमारे ५३ ओहम. दाब १६० वर आला तर धार ३ अँपिअर आणि शक्ती ४८० वॅट. शेगडी निम्मी तापते, पण जळत नाही.

मोटरीचं उलटं आहे. पाणी तेवढंच उचलायचं असतं, म्हणून दाब कमी झाला की ती धार जास्त ओढते. थ्री फेजला गुणाकारात १.७३ आणि पॉवर फॅक्टर येतात. ५ हॉर्सपॉवरची मोटर ८० टक्के कार्यक्षम धरली तर तिला सुमारे ४६६० वॅट लागतात. पॉवर फॅक्टर ०.८५ धरला तर ४१५ व्होल्टला ७.६ अँपिअर, आणि ३०० व्होल्टला १०.५ अँपिअर. धार दीडपटीच्या आत वाढली, पण वाइंडिंगमधली उष्णता जवळजवळ दुप्पट झाली. मग ओव्हरलोड रिले मोटर बंद पाडतो. आपण काय करतो? पिकाला पाणी पाहिजे म्हणून रिलेचा आकडा वर सरकवतो. आम्हीही सरकवला होता. आठवड्यात मोटर जळाली. रिवाइंडिंगचं बिल भरताना हा हिशेब शिकलो.

तारेचंही बघा. खांबावर फेज-न्यूट्रल दाब २४० आणि मोटर चालू असताना विहिरीवर २१३. वाटेत २७ व्होल्ट गेले. धार ९ अँपिअर. २७ भागिले ९, म्हणजे तारेचा अडथळा ढोबळमानाने ३ ओहम. २७ गुणिले ९ म्हणजे २४३ वॅट. तीन तारांत ७२९. जवळजवळ एक हॉर्सपॉवर तारेत आणि सैल जोडांत जळतो. जोड घट्ट केला, जाड केबल टाकली, तर हा हॉर्सपॉवर घरचाच आहे.

कोणी म्हणेल, २०२४ साली सरकारने साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज जाहीर केली, मग हिशेब कशाला? भावांनो, बिल माफ होतं, जळालेली मोटर माफ होत नाही. दुसरं म्हणजे, वापराचा आकडा आपल्या नावावर लिहिला जातोच. मीटर नसलेल्या पंपांचा वापर वीज मंडळ अंदाजाने धरायचं. २००० साली नियामक आयोगापुढे तपासणी झाली तेव्हा दिसलं, की खरी गळती मंडळ सांगत होतं त्याहून बरीच जास्त आणि शेतीचा वापर कमी. गळती दुसऱ्याची आणि फुकटेपणाचा शिक्का आपल्यावर! ५ हॉर्सपॉवरची मोटर तासाला साडेचार ते पावणेपाच युनिट घेते. महिन्यात ६० तास वीज मिळाली तर २८० युनिट. कागदावर ६०० असतील तर विचारायचं, बाकीचे कुठे गेले?

म्हणून पुढच्या बैठकीला प्रत्येक गावाने एक वही आणायची. तारीख, वीज किती तास, व्होल्ट किती, अँपिअर किती. मोजणी वायरमनकडून टाँग टेस्टरने करून घ्या. उघड्या तारेला कोणी हात लावू नका. ३०० व्होल्ट असतील तर अर्जात ३०० लिहा. ‘दाब कमी आहे’ एवढंच लिहिलेला अर्ज टेबलाखाली जातो. आकड्याच्या अर्जाला उत्तर द्यावं लागतं.