मुलगा कॉलेजात गेला, पुढे काय?

(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



धम्मावर बोलण्याचा आमचा अधिकार नाही, ते काम भन्तेजींचं. आमची सारी नोकरी कॉलेजच्या कचेरीत, शिष्यवृत्तीच्या टेबलावर गेली. त्या टेबलावरून जे दिसलं तेवढंच सांगतो.

बारावीचा निकाल लागला की आपल्या वस्तीत पेढे वाटले जातात, विहारात सत्कार होतो. चांगलंच आहे. पण सत्कार झालेल्या मुलांपैकी किती जण पदवी घेऊन बाहेर पडले, याची मोजणी कोणी करीत नाही. मधेच सोडून घरी बसलेला मुलगा कार्यक्रमाला येत नाही, म्हणून तो कोणाच्या नजरेतही येत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारनं लोकसभेत आकडे दिले. आधीच्या पाच वर्षांत अनुसूचित जातींचे २,४२४ विद्यार्थी केंद्रीय विद्यापीठांतून आणि १,०६८ विद्यार्थी आयआयटींमधून बाहेर पडले. त्यातले काही दुसऱ्या कोर्सला गेले असतील. पण आयआयटीपर्यंत पोचलेलं पोरगं बुद्धीनं कमी असतं, असं कोण म्हणेल? मग ते गळतं कुठे?

आमच्या पाहण्यात ते पहिल्या चार महिन्यांतच गळायला लागतं. गावातल्या किंवा पालिकेच्या शाळेत मराठीतून शिकलेला मुलगा. पहिल्या दिवशी सर फळ्याकडे तोंड करून इंग्रजीत बोलतात. तो लिहून घेतो, समजत काही नाही. शेजारच्याला विचारायची लाज, सरांना विचारायची भीती. पहिल्या चाचणीत पंचवीसपैकी सहा मार्क पडतात. घरी सांगत नाही, कारण घरात कॉलेज पाहिलेलं कोणी नाही. मग तो मागच्या बाकावर सरकतो, मग कँटीनजवळ उभा राहतो, मग येतच नाही. आई समजते, पोरगं रोज कॉलेजला जातंय.

आता याच कॉलेजात त्याच्यासाठी काय काय असतं बघा. मागे पडलेल्यांसाठी जादा वर्ग असतात. लायब्ररीत बुक बँक असते, तिथून वर्षभरासाठी पुस्तकं मिळतात. प्रत्येक विद्यार्थ्यामागे एक मार्गदर्शक शिक्षक नेमलेला असतो. नॅकची कमिटी यायची असली की त्या फाईलवर सह्या होतात, आणि ज्याच्या नावानं सही झाली त्या पोराला आपले मार्गदर्शक कोण हेच ठाऊक नसतं! म्हणून मित्रांनो, पहिल्याच आठवड्यात कचेरीत जाऊन त्या शिक्षकांचं नाव विचारा आणि जाऊन भेटा. न भेटणाऱ्यापेक्षा भेटणाऱ्याचीच कामं होतात, हा कचेरीचा नियम आम्ही आत बसून पाहिलेला आहे.

पैशाचंही तसंच. शिष्यवृत्ती उशिरा येते, मेसवाला थांबत नाही. पण पुणे विद्यापीठाच्या कॉलेजांत कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावानं 'कमवा व शिका' योजना आहे, फावल्या तासांत काम करून हातखर्च निघतो. सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही, तर २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे. वडिलांचं उत्पन्न शिष्यवृत्तीच्या मर्यादेवर गेलं तर फ्रीशिपचा अर्ज करता येतो. हे माहीत नसल्यानं कर्ज काढून फी भरलेले पालक आम्ही पाहिले आहेत.

काही मुलं आम्हाला म्हणायची, "साहेब, सवलत घेतली की मित्र हसतात." त्यांना आम्ही एवढंच विचारायचो, बाबासाहेब कसे शिकले? एल्फिन्स्टनमध्ये प्राध्यापक म्युलर त्यांना पुस्तकं देत, कपडेसुद्धा देत. १९१३ साली ते अमेरिकेला गेले ते बडोदा सरकारच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. त्यांनी ती घेतली आणि तिचं सोनं केलं. मॅट्रिकनंतरची सरकारी शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली, तेव्हा ते व्हाइसरॉयच्या मंडळात होते. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं, त्यात नोकरी करणाऱ्यांना यावं म्हणून सकाळचे वर्ग ठेवले. १९५० साली औरंगाबादला कॉलेज काढलं, त्याला पुढे मिलिंदाचं नाव दिलं आणि त्या परिसराला नागसेनवन. राजा मिलिंद भदंत नागसेनांना एकामागून एक प्रश्न विचारीत गेला, हे आपल्याला ठाऊक आहे. राजाला विचारायची लाज वाटली नाही, मग आपल्या पोरांना कॉलेजच्या खिडकीत का वाटावी?

कागदांचं मात्र आतापासून बघा. व्यावसायिक कोर्सला जात वैधता लागते. त्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात, म्हणजे आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला. तो गावच्या शाळेत शोधायला वेळ जातो, अकरावीतच लागा. केंद्राच्या संस्थेसाठी केंद्राच्या नमुन्यातला दाखला वेगळा असतो. १९९० साली दुरुस्ती होऊन आपल्याला केंद्राच्या सवलती मिळाल्या. त्या दाखल्यावर मूळ जात लिहिलेली पाहून काहींना वाईट वाटतं. वाटणारच. पण दाखला घ्या.

आणि कुणी अपमान केला तर? सवलतवाल्यांची नावं सगळ्यांदेखत ओरडून पुकारणारे कारकून आहेत, पोराची रँक विचारून हसणारे शिक्षकही आहेत. २०१२ साली विद्यापीठ अनुदान आयोगानं नियम केले, त्यात प्रत्येक कॉलेजात समान संधी कक्ष आणि भेदभावाच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी सांगितला. तोंडी बोलू नका. अर्ज लेखी द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. शिक्का नसलेला अर्ज कचेरीत कुठे जातो, ते आम्हाला विचारा! रॅगिंग असेल तर १८००-१८०-५५२२ हा फोन आहे. पोरगं जेवत नसेल, बोलत नसेल, तर कॉलेजच्या समुपदेशकाकडे पाठवा. 'वेडा म्हणतील' या भीतीनं थांबू नका. १४४१६ या टेलि-मानसच्या फोनवर रात्रीसुद्धा कोणी तरी ऐकायला असतं.

आयाबहिणींना एक विनंती. "अभ्यास केलास का?" एवढंच विचारू नका. "कुठलं समजत नाही? कोणाला विचारलंस?" हे विचारा. त्याला तुम्ही शिकलेल्या असण्याची गरज नाही.

विहाराच्या कमिटीनं आम्हाला बाजूची खोली दिली आहे. येत्या रविवारपासून वंदनेनंतर आम्ही तिथे टेबल टाकून बसणार आहोत. येताना जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार कार्ड, आधार जोडलेलं बँकेचं पासबुक आणि मागच्या वर्षाची गुणपत्रिका आणा. झेरॉक्स आणा, पण ओरिजिनलही बरोबर असू द्या. आणि पोराला किंवा पोरीला स्वतःला आणा, फॉर्म त्यांच्या हातानंच भरून घेऊ.

जयभीम!