अरबी-थरोब्रेड क्रॉस: डोकं फिरलेलं की नुसतं तल्लख?

छत्रपती संभाजीनगरहून तुमचा घोडेवाला दोस्त बोलतोय. मागच्या भागानंतर बरेच मेसेज आले, त्यातला एक आज घेतोय, कारण त्यात एका घरचे पैसे अडकायची वेळ आलीये.

फुलंब्रीकडचा मुलगा आहे, वय 19. म्हणतो, "भाऊ, एक घोडी बघितलीये. विकणारा सांगतो की बाप अरबी, आई थरोब्रेड. दम अरबीचा, वेग थरोब्रेडचा. मला एंड्युरन्स करायचंय, जमलं तर जंपिंग पण. वडील कापसाचे पैसे लावायला तयार आहेत. पण गावातले म्हणतात, क्रॉस घोडा डोक्याने फिरलेला असतो. घेऊ का?"

मित्रा, तुझ्या गावातले पूर्ण चूक नाहीत, आणि विकणाराही पूर्ण खरं बोलत नाहीये. जरा सावकाश सांगतो.

आधी हे दोन घोडे कोण, ते बघू. अरबी घोडा वाळवंटातला. उंची साधारण 14 ते 15 हँड, म्हणजे खांद्यापाशी 56 ते 60 इंच, कारण एक हँड म्हणजे चार इंच. कातडी पातळ, हाडं घट्ट, शेपूट वर. माणसाच्या तंबूजवळ पिढ्यान् पिढ्या राहिलेला, त्यामुळे माणसाकडे त्याचं लक्ष फार. थरोब्रेड म्हणजे आपल्या पुण्याच्या आणि महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर धावतो तो. 16 हँडच्या आसपास, लांब पाय, मोठी ढांग. गंमत अशी की हा थरोब्रेडही मुळात अरबीचाच नातेवाईक आहे. इंग्लंडमध्ये तिथल्या घोड्यांवर पूर्वेकडचे नर वापरले, त्यातल्या तिघांपर्यंत आजच्या सगळ्या थरोब्रेडची बापाकडची वंशावळ जाते: बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गॉडॉल्फिन अरेबियन. डार्ली 1704 साली सीरियातल्या अलेप्पोहून इंग्लंडला गेला. त्यानंतर तीनशे वर्षं एकच निवड होत राहिली: पहिला कोण आला? अरबीची निवड वेगळ्या प्रश्नावर झाली होती. पाणी कमी, ऊन जास्त, रस्ता लांब. संध्याकाळपर्यंत उभा कोण राहिला?

म्हणजे तू क्रॉस घेतोस तेव्हा दोन अनोळखी रक्तं एकत्र येत नाहीत. फार पूर्वी वेगळे झालेले दोन चुलतभाऊ परत भेटतात. दोघेही चटकन तापणारे. इंग्रजीत अशा घोड्यांना 'हॉट' म्हणतात, आपल्याकडे जुन्या लोकांचा शब्द जास्त चांगला आहे: पाणीदार.

आता एक गोष्ट सांगतो, आपल्याच भागातून सुरू होणारी. भोकरदनच्या पुढे असई नावाचं गाव आहे, जालना जिल्ह्यात. केळना आणि जुई नद्यांच्या बेचक्यात 23 सप्टेंबर 1803 ला तिथे शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी इंग्रजांची लढाई झाली. इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. त्या दिवशी त्याच्याखालचा एक घोडा मारला गेला. दुसरा, डायोमेड नावाचा करड्या रंगाचा अरबी, भाल्याने जखमी झाला. बारा वर्षांनी वॉटर्लूच्या लढाईत हाच माणूस कोपनहेगन नावाच्या घोड्यावर होता. कोपनहेगन म्हणजे आजचा विषयच. बापाकडून नामांकित रेसच्या घोड्याचा, एक्लिप्सचा, नातू. आईच्या आईचा बाप अरबी. आणि आईची आजी साधी शिकारीची घोडी, त्यामुळे तो पूर्ण थरोब्रेड नव्हता. शर्यतींत त्याने फारसे दिवे लावले नाहीत. उंची जेमतेम 15.1 हँड. पण वॉटर्लूला तोफांच्या आवाजात त्याने ड्यूकला पंधरा तासांच्या वर पाठीवर वागवलं. रात्री ड्यूक उतरला, शाबासकी म्हणून मागून थोपटलं, आणि या पठ्ठ्याने अशी लाथ झाडली की ड्यूक थोडक्यात वाचला!

मला ही गोष्ट आवडते, कारण दम आणि लाथ दोन्ही एकाच घोड्याचे आहेत. दिवसभर तोफा ऐकणारा घोडा थंड स्वभावाचा होता असं नाही. त्याला त्याचं काम माहीत होतं. काम संपलं, अंगातली तार मात्र ताणलेलीच होती.

आता विकणाऱ्याच्या वाक्याकडे येतो. "दम याचा, वेग त्याचा." हे गणित असं बसत नाही. शिंगराला दोन्हीकडून निम्मं-निम्मं रक्त मिळतं हे खरं, पण त्यातलं कुठलं निम्मं हे तुम्ही ठरवत नाही. 2010 साली आयर्लंडमधल्या संशोधकांनी थरोब्रेडमधलं एक जनुक शोधलं, मायोस्टॅटिनचं. त्याची एक प्रत असली की घोडा छोट्या पल्ल्याला चांगला, दुसरी असली की लांब पल्ल्याला. अरबी घोड्यांत लांब पल्ल्याची प्रत जास्त दिसते. म्हणजे क्रॉसमध्ये दमाकडे झुकाव येण्याची शक्यता चांगली. पण एकाच आईबापाची दोन शिंगरं शेजारी उभी केली तर एक उंच-लांब, दुसरं आखूड-गोल, असं सर्रास होतं. आणि क्रॉसवर परत क्रॉस केला की दुसऱ्या पिढीत तर पत्ते पिसल्यासारखं. म्हणून 'क्रॉस आहे' या दोन शब्दांवर पैसे देऊ नकोस.

स्वभावाचं सांगतो. आमच्याकडे एक कुमैत घोडी आहे, अगदी याच रक्ताची. आई रेसमधून निवृत्त झालेली. ती आली तेव्हा पाण्याच्या टाकीवरची पांढरी ताडपत्री वाऱ्याने फडफडली की चार पायांवर बाजूला उडायची. लोक म्हणाले, खोडीची आहे. मी तिचे कान बघायचो. खोडीच्या घोड्याचे कान मागे चिकटतात. हिचे पुढे रोखलेले, नाकपुड्या फुगलेल्या. ती बघत होती, लढत नव्हती. आम्ही रोज ताडपत्रीच्या थोडं जवळ उभं राहून तिला वैरण द्यायचो. आठ-दहा दिवसांत ती ताडपत्रीला नाक लावायला लागली. हेच या क्रॉसचं वैशिष्ट्य, निदान मी हाताळले त्या घोड्यांचं: दोन-तीन वेळात शिकतात. पण चुकीचं शिकवलं तरी दोन-तीन वेळातच शिकतात. एकदा स्वाराने घाबरून लगाम खेचला, घोडी मागच्या पायांवर उभी राहिली आणि स्वार उतरला, की संपलं. तिला कळलं, उभं राहिलं की ओझं जातं.

म्हणून नवशिक्याला असा घोडा द्यावा का? माझं मत स्पष्ट आहे, देऊ नये. मांड पक्की नसेल तर स्वार टाचांनी घट्ट धरतो आणि तोल सांभाळायला लगामाला लटकतो. म्हणजे घोड्याला एकाच वेळी पळ आणि थांब! शांत तट्टू हे सहन करेल, हा करणार नाही.

अजून एक गोष्ट, जिच्याकडे लोक बघतच नाहीत. रेसच्या घोड्यांमध्ये पोटात अल्सर फार सापडतात. धान्याची चंदी जास्त, वैरण कमी, दिवसभर तबेल्यात बंद. तंग आवळताना चावायला धावणारी घोडी 'अरबी डोक्याची' नसते कदाचित, तिचं पोट दुखत असतं. आधी डॉक्टरला दाखवा, चंदी कमी करा, वैरण वाढवा, मोकळं सोडा. मग स्वभावावर बोला.

आता खेळ. एंड्युरन्स हा याचा खरा प्रांत. मोठ्या स्पर्धेत 160 किलोमीटर एका दिवसात, आणि मध्ये-मध्ये पशुवैद्यक थांबवून नाडी बघतात. ठरलेल्या वेळात ठोके मिनिटाला 64 च्या आत यावे लागतात, नाहीतर बाद. यात शुद्ध अरबीला तोड नाही. पण क्रॉसची ढांग मोठी असते, उंच स्वाराला तो बरा पडतो. साधारण हिशोब असा, की स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या भागापेक्षा जास्त नको. 420 किलोच्या घोडीवर 84 किलो, बस. मराठवाड्यातल्या उन्हात तर त्याहून कमीच ठेव.

इव्हेंटिंग, म्हणजे ड्रेसाज, क्रॉस कंट्री आणि जंपिंग तिन्ही एकत्र, यालाही हे रक्त मानवतं. फ्रान्समध्ये अँग्लो-अरब ही एकोणिसाव्या शतकापासून वेगळी जात म्हणून जोपासली, ती फौजेसाठी आणि खेळासाठी. टेंट पेगिंगलाही छान: सरळ धाव, हलकं तोंड. निव्वळ जंपिंग मात्र मध्यम उंचीपर्यंत धर. फार वर जायचं तर मागच्या पायांत जी ताकद लागते, ती युरोपच्या वॉर्मब्लड घोड्यांत तयारच मिळते. 2023 मध्ये हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये आपल्या संघाने ड्रेसाजचं सुवर्ण मिळवलं, त्यात मुंबईचा हृदय छेडा होता. ते घोडे युरोपचेच. पण त्या वॉर्मब्लडच्या वंशावळी उघडा, तिथेही हा क्रॉस बसलेला सापडेल. रामझेस नावाचा पोलंडचा करडा अँग्लो-अरब जर्मनीत गेला आणि त्याच्या वंशात जंपिंगचे आणि ड्रेसाजचे दोन्ही घोडे निघाले.

आणि हे काही परदेशी फॅड नाही बरं का. मलिक अंबरने 1610 मध्ये खडकी, म्हणजे आपलं हे शहर, वसवलं, तेव्हा त्याची खरी ताकद मराठा घोडदळ होती. समुद्रावरून चौल-दाभोळला अरबी घोडे उतरत. तसलं रक्त दख्खनच्या काटक तट्टांत मिसळून भीमथडी घोडा झाला. आता भीमथडीला देशातली स्वतंत्र जात म्हणून अधिकृत मान्यताही मिळालीये. दम पाहिजे आणि बजेट कमी असेल तर तोही बघ, असं माझं आपलं म्हणणं. रीलमध्ये कमी शोभेल, डोंगर चढताना कळेल.

बघायला जाशील तेव्हा कान बघ. टोकं आत वळून एकमेकांकडे येत असतील तर ते मारवाडी किंवा काठेवाडी रक्त आहे, विकणारा काहीही म्हणो. काठेवाडीचा चेहराही अरबीसारखा नाकाशी खोलगट असतो, तिथे भलेभले फसतात. आई खरंच थरोब्रेड असेल तर तिची नोंद असते. स्टड बुक अथॉरिटी ऑफ इंडिया पुण्यातच आहे. आईचं नाव माग. नाव नसेल तर घोडी वाईट ठरत नाही, पण 'थरोब्रेड' या शब्दाचे पैसे द्यायचे नाहीत.

न सांगता जा, आणि दोनदा जा. घोडी आधीच घामाघूम असेल तर दमवून ठेवलीये. मान खाली, डोळे झोपाळू, ओठ लोंबलेला असेल तर इंजेक्शन दिलेलं असू शकतं. तबेल्यातून बाहेर काढणं, खोगीर चढवणं, सगळं तुझ्यासमोर करायला सांग. आधी त्यांच्या माणसाला बसू दे, मग तुझ्या शिक्षकाला, मग तू. दुडकीवरून चालीवर लगाम न ओढता येते का, आणि बाकीचे घोडे दिसेनासे झाल्यावर एकटी पुढे जाते का, एवढं नक्की बघ.

पैसे देण्याआधी स्वतःच्या पशुवैद्यकाकडून पाय, श्वास, हृदय तपासून घे, आणि ग्लँडर्सची रक्ततपासणी कर. हा रोग माणसालाही होतो. त्याची देशातली मुख्य प्रयोगशाळा हरियाणात हिसारला आहे, राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात. नमुना पशुवैद्यकामार्फतच जातो. घोडी पॉझिटिव्ह निघाली तर कायद्याने तिला दयामरण द्यावं लागतं. मेळ्यातून आणलेल्या घोड्याच्या बाबतीत तर ही तपासणी टाळूच नकोस. विकणारा म्हणाला, "रिपोर्टला वेळ लागतो, दुसरं गिऱ्हाईक उभं आहे," तर त्याला दुसऱ्या गिऱ्हाइकाला देऊ दे.

आणि वडिलांना सोबत ने. किंमत एकदाच द्यायची असते, चंदी, नालबंद आणि मोतद्दार दर महिन्याला. त्याचा आकडा त्यांच्यासमोर कागदावर मांड, मग मला परत मेसेज कर. घोडीचा चालतानाचा व्हिडिओ बाजूने काढ, समोरून नको.