पगारातले २०० रुपये आणि तासगावचे वि. स. पागे

नोकरी करत असाल तर मोबाईलवर तुमची पगाराची स्लिप उघडा. ‘प्रोफेशन टॅक्स’ दिसतोय? महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. हा व्यवसाय कर महाराष्ट्रात १९७५ साली आला, तो रोजगार हमी योजनेसाठी. करातून जेवढे पैसे जमतील तेवढेच सरकारनंही घालायचे. थोडक्यात, शहरातल्या पगारदारानं गावातल्या मजुराच्या कामाला हातभार लावायचा.

ही कल्पना ज्यांची, ते वि. स. पागे आपल्या सांगली जिल्ह्यातले, तासगाव तालुक्यातले. १९६० ते १९७८ अशी तब्बल अठरा वर्षं ते विधान परिषदेचे सभापती होते. आता गंमत बघा. सभापतीची खुर्ची सगळ्यात उंच, पण चर्चेत उतरून भाषण ठोकायची त्याला सोय नाही. मग पाग्यांनी काय केलं? प्रयोग थेट आपल्या तालुक्यातच केला. १९६५ च्या सुमारास विसापूर भागात त्यांनी ही कल्पना राबवून पाहिली आणि मुख्यमंत्री वसंतराव नाईकांच्या गळी उतरवली.

तासगाव म्हटलं की आज आपल्याला द्राक्षं आठवतात. पण हा मुळातला दुष्काळी पट्टा. सुगी संपली की भूमिहीन माणसाच्या हाताला काम नाही. एकीकडे बांधबंदिस्ती, पाझर तलाव, रस्ते अशी कामं पडून, दुसरीकडे हात रिकामे. पाग्यांनी या दोन्हींची गाठ घातली.

१९७२ ला योजना आली आणि त्याच वर्षी मोठा दुष्काळ पडला. पुढच्या उन्हाळ्यात राज्यभर दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. बायाबापड्या डोक्यावर पाट्या घेऊन खडी वाहत होत्या. तुमच्या आज्जीला विचारा, ती सांगेल.

पण दुष्काळी काम म्हणजे सरकारची मेहरबानी. दिलं तर दिलं. १९७७ च्या कायद्यानं ही भाषाच बदलली. मागितल्यावर १५ दिवसांत काम, नाही दिलं तर बेकारी भत्ता. भत्ता किमान एक रुपया रोज, म्हणजे तेव्हाही तुटपुंजाच. पण सरकार मजुराचं देणं लागतं, हे पहिल्यांदा कायद्यात आलं. २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. २००५ साली संसदेनं देशासाठी असाच कायदा केला.

मला विचाराल तर या सगळ्यात मोलाचे आहेत ते १५ दिवस. पण ते मोजायला सुरुवातीची तारीख लागते. तोंडी मागणीला तारीख नसते. म्हणून गावाकडं कुणाला काम हवं असेल, तर अर्ज लिहून द्यायला मदत करा. आणि तारीख घातलेली पोच घेतल्याशिवाय ग्रामपंचायतीतून हलू नका.

भेटू पुढच्या भागात. राम राम!