सातबारा नसलेली शेतकरी

देशातलं पहिलं कृषी विज्ञान केंद्र 1974 साली पाँडिचेरीत सुरू झालं. आज अशी केंद्रं 700 च्या वर आहेत. संशोधन बांधापर्यंत न्यायचं, शेतकऱ्याला शिकवायचं, हे त्यांचं काम. माझा प्रश्न एवढाच आहे: शेतकरी म्हणजे कोण?

पेरणी, खुरपणी, कापणी, बियाणं राखणं, हे सगळं आपल्या हातचं. पण 2015-16 च्या कृषी गणनेत महिला खातेदार 14 टक्क्यांच्या आसपासच. सातबारा नवऱ्याच्या नावावर, म्हणून प्रशिक्षणाचं बोलावणंही त्याच्याच नावानं. आमच्याकडच्या एका केंद्रात मी पाहिलं, बीजप्रक्रियेचा वर्ग पुरुषांचा आणि बायकांना लोणची-पापड. घरी बियाण्याला औषध चोळते बाईच, तेही उघड्या हातांनी. हातमोजे घालायला तिला कुणी सांगितलंच नाही.

पापडाला माझा विरोध नाही, त्यानं चार पैसे मिळतात. पण पापड करणारी बाई शेतकरीही आहे, हे विसरलं जातं.

2005 च्या दुरुस्तीनं हिंदू वारसा कायद्यात शेतजमिनीवरही मुलीचा हक्क मुलाइतकाच झाला. तो मागूच. पण ज्ञानासाठी सातबाऱ्याची वाट कशाला पाहायची? केंद्राच्या शास्त्रीय सल्लागार समितीवर शेतकरी महिलांची प्रतिनिधी असते. आपल्या केंद्रात ती कोण आहे, बैठकीला बोलते का, हे गटानं जाऊन विचारा. वर्ग गावात, दुपारच्या वेळी घ्या म्हणा. आणि हजेरीपटावर स्वतःचं नाव लिहा, 'अमक्याची बायको' नव्हे.