नंदादेवीचे सासर

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी बाहेरच्या कुणी विदुषी येऊन बोलतात आणि आपण ऐकतो. यंदा आपल्यातल्याच एकीने बोलावे असे ठरले आणि चिठ्ठी माझ्या नावाची निघाली. माझे शिक्षण सातवीपर्यंत. पांडित्य माझ्यापाशी नाही. जे डोळ्यांनी पाहिले, तिथल्या बायकांच्या तोंडून ऐकले आणि घरी आल्यावर वाचून समजून घेतले, तेवढेच सांगणार आहे.

आपल्यापैकी कितीतरी जणी बदरी-केदार करून आल्या आहेत. तीन वर्षांपूर्वी ऑक्टोबर महिन्यात हे, मी, आमचे दीर आणि जाऊबाई असे चौघे बदरीनाथाला गेलो होतो. परतीच्या वाटेवर कर्णप्रयाग लागते. तिथे पिंडर नदी अलकनंदेला मिळते. यात्रेकरूंच्या गाड्या तिथून सरळ ऋषीकेशाकडे उतरतात. आमच्या दिरांनी मात्र गाडी पिंडरच्या खोऱ्यात घ्यायला लावली. थराली, देवाळ, लोहाजंग अशी गावे मागे टाकीत आम्ही वाण नावाच्या खेड्यात पोचलो. उंची सुमारे आठ हजार फूट. म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्याच्या जवळजवळ दीडपट उंचीवर माणसे घरे बांधून राहतात, शेती करतात, लेकींची लग्ने लावतात.

त्या मुलुखात जिकडे जावे तिकडे एकच नाव कानी येते : नंदा. नणंद नव्हे बरे, नंदा! नंदादेवीचे शिखर २५,६४३ फूट उंच आहे. सर्वस्वी भारताच्या हद्दीत असलेल्या शिखरांत ते सर्वांत उंच. त्याच्या भोवती दुसऱ्या शिखरांचा कोट आहे आणि त्या कोटाला ऋषिगंगेच्या घळीची एवढीच काय ती वाट. १९३४ साली शिप्टन आणि टिलमन हे दोघे इंग्रज आपल्या शेर्पा सोबत्यांसह त्या घळीतून आत शिरले. १९३६ साली टिलमन आणि ओडेल माथ्यावर पोचले. पुस्तकांतून ही हकीकत मोठ्या कौतुकाने दिलेली असते आणि ती कौतुकाची आहेच. पण गढवालच्या माणसांना विचारा, ती निराळेच सांगतील. नंदा ही त्यांची मुलगी. तिचे माहेर खालच्या गावांत आणि सासर वर बर्फात, शंकराच्या घरी.

भाद्रपदात आपल्याकडे गौरी येतात. भाजी-भाकरी, पुरणपोळी, हळदीकुंकू, आणि तिसऱ्या दिवशी पाणावल्या डोळ्यांनी निरोप. नंदा म्हणजे गौरीच. आपण गौरीला माहेरपणाला आणतो आणि भाद्रपदाच्या त्याच सुमारास ते लोक नंदेला सासरी पोचवायला निघतात. हे कळले तेव्हा माझ्या अंगावर काटा उभा राहिला. इतक्या लांबच्या बायका मला एकदम शेजारघरच्या वाटू लागल्या.

दरवर्षी लहान 'जात' निघते. जात म्हणजे यात्रा. आपल्या जत्रेचीच बहीण. मोठी 'राजजात' बारा वर्षांनी, पण बाराचा हिशेब नेहमी जमतोच असे नाही. १९६८, १९८७, २००० आणि २०१४ या साली ती निघाली. नौटी गावापासून होमकुंडापर्यंत जाऊन-येऊन सुमारे २८० किलोमीटर, वीसएक दिवस, पायी. सर्वांपुढे चार शिंगांचा मेंढा. त्याच्या पाठीवर दोन झोळ्या आणि झोळ्यांत लेकीला द्यायचे सामान : बांगड्या, कापड, दागिने, खाऊ. वाण गावी लाटू देवाचे ठाणे आहे. तो नंदेचा मानलेला भाऊ. त्याचे देऊळ वैशाखी पौर्णिमेला उघडतात, तेव्हा पुजारीसुद्धा डोळ्यांना आणि तोंडाला पट्टी बांधून आत जातो. वाणपासून पुढे बहिणीला वाट दाखवायची ती या भावाने.

वाणच्या पुढे वस्ती नाही. बेदिनीचे कुरण, पातरनचौणी, मग रूपकुंडाचे तळे. त्या तळ्याकाठी १९४२ साली माणसांचे सांगाडे सापडले. लोककथा अशी की, कनोजचा राजा यात्रेत नाचणाऱ्या घेऊन आला, म्हणून देवीचा कोप झाला. २०१९ साली शास्त्रज्ञांनी हाडे तपासून प्रसिद्ध केले की, ही सारी माणसे एका वेळची नव्हेत; काही सुमारे बाराशे वर्षांपूर्वीची, तर काही अवघ्या दोनशे वर्षांपूर्वीची आणि तीही भूमध्य समुद्राकडच्या वंशाची. ती तिथे कशासाठी आली, हे कोडेच आहे. रूपकुंडाच्या वर ज्युंरागली नावाची खिंड, सोळा हजार फुटांच्याही वर. ती ओलांडून होमकुंड. तिथे पूजा करून मेंढ्याला सोडतात. तो झोळ्यांसह एकटाच वर बर्फाकडे चालू लागतो आणि माणसे माघारी फिरतात.

आम्ही इतके पुढे गेलो नाही. वाणपासून बेदिनीपर्यंतच चढलो. आधी रणकधारची चढण, मग नीलगंगेचा ओढा, मग ओक आणि बुरांसची दाट राई. गैरोली पातालच्या झोपडीत रात्र काढली आणि पहाटे वर निघालो. झाडे एकाएकी संपली. समोर अकरा हजार फुटांवर कोसभर पसरलेले गवत! याला तिकडे बुग्याल म्हणतात. समोर २३,३६० फुटांचे त्रिशूळ आणि शेजारी नंदाघुंटी, उन्हात चांदीसारखी. आमच्या जाऊबाई एरवी पुष्कळ बोलतात. तिथे त्यांनी नुसते हात जोडले.

पण मला तुम्हाला शिखरापेक्षा एका बाईबद्दल सांगायचे आहे. वाणला ज्यांच्या घरी आम्ही उतरलो, त्या घरची ती मालकीण, माझ्याच वयाची. मडुव्याची, म्हणजे आपल्या नाचणीची, भाकरी थापता थापता तिने विचारले, "दीदी, मुली किती?" मी म्हटले, एकच, आणि तिचे लग्न ठरले आहे. त्यावर ती सांगू लागली. पूर्वी राजजातीत वाणच्या पुढे बायकांनी जायचे नाही असा दंडक होता. देवी लेक, आणि तिला पोचवायला सगळे पुरुष! आयांनी गाणी म्हणायची, रडायचे आणि वेशीवर थांबायचे. तिची सासू अशीच वेशीवर थांबलेली. २०१४ साली मात्र पुष्कळ बायका पुढे गेल्या, तीही गेली. मी विचारले, "भीती नाही वाटली?" ती हसून म्हणाली, "मुलीचे घर बघायला जाताना कसली भीती?"

मैत्रिणींनो, त्या डोंगराकडे बघण्याची ही दृष्टी मला फार मोलाची वाटते. लेक जिथे नांदते ते घर कुणी नासवील का?

याच जिल्ह्यात ऋषिगंगेच्या तोंडाशी रेणी नावाचे गाव आहे. तिथे आपल्यासारखेच एक मंडळ होते, महिला मंगल दल. त्याच्या अध्यक्षा गौरादेवी. शाळेत कधी न गेलेल्या, ऐन तारुण्यात वैधव्य आलेल्या. २६ मार्च १९७४ रोजी गावातले पुरुष नुकसानभरपाईच्या कामासाठी चमोलीला गेले होते. तेवढ्यात ठेकेदाराची माणसे कुऱ्हाडी घेऊन जंगलात शिरली. गौरादेवी सत्तावीस जणींना घेऊन आडव्या उभ्या राहिल्या. जंगल हे आमचे माहेर आहे, असे त्यांनी बजावले. एकही झाड पडू दिले नाही. पुढे सरकारने समिती नेमली आणि त्या खोऱ्यातली झाडतोड दहा वर्षे बंद झाली. हेच ते चिपको आंदोलन. आपण मंडळाच्या सभेत नुसता चहा पितो, असे जे आपल्याला हसतात, त्यांना रेणीचे नाव जरूर सांगा.

त्याच रेणीवर ७ फेब्रुवारी २०२१ रोजी घाला आला. वरच्या शिखराचा खडक आणि बर्फ तुटून ऋषिगंगेला लोंढा आला. वीजप्रकल्प वाहून गेला आणि दोनशेंहून अधिक माणसे मेली किंवा बेपत्ता झाली. २०१३ च्या जूनमधला केदारनाथचा प्रलय तर आपण सर्वांनीच ऐकला आहे. तो डोंगर वयाने तरुण आणि नाजूक आहे. बेदिनीसारख्या कुरणांवर तंबूंची गर्दी होऊ लागली, तेव्हा तिथल्याच गावकऱ्यांच्या समितीने न्यायालयात दाद मागितली आणि २०१८ साली उच्च न्यायालयाने बुग्यालांवर रात्रीच्या मुक्कामाला मनाई केली. आम्ही खाली जंगलात राहिलो ते म्हणूनच.

आता माझी एक सूचना. पुढल्या वर्षीची मंडळाची सहल तिकडे न्यावी. "आता या वयात कुठे डोंगर चढायचे?" असे म्हणू नका. दोन महिने आधीपासून रोज तासभर चाला. रक्तदाब, दमा असेल त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. वर घाई करू नये. एक दिवस वाणला विसावा घ्यावा, आणि डोके दुखू लागले, मळमळले, तर हट्ट न करता खाली उतरावे. हॉटेलपेक्षा गावातल्या बायकांच्या घरी राहावे, म्हणजे चार पैसे त्यांच्या हाती पडतील. नेलेला प्रत्येक कागद, प्रत्येक पिशवी परत आणावी. आणि जाताना खण-नारळ न्यावा. तो डोंगरावर टाकण्यासाठी नव्हे. ज्या आया तिथे मुलीची वाट राखतात, त्यांची ओटी भरण्यासाठी.

माझी मुलगी गेल्या वर्षी सासरी गेली. तिला पोचवून आले, तिचे घर बघून आले, तेव्हा त्या वाणच्या बाईची पुष्कळ आठवण झाली.