जुनी नाव, जुना कालवा

'कालवा' हा शब्द कानांवर पडला की आपल्या डोळ्यांपुढे ऊस उभा राहतो. पाटाचे पाणी, पाण्याची पाळी, पाटकरी, अपरात्री कंदील घेऊन दारे धरायला निघालेला शेतकरी, हे सारे त्या शब्दाच्या पाठोपाठ येते. इंग्लंडातल्या माणसाला मात्र ह्या शब्दाने शेत आठवत नाही, नाव आठवते. तिकडचे बहुतेक कालवे पिकांना पाणी पाजण्यासाठी खणलेले नाहीत. ते पाण्याचे रस्ते आहेत. आज ह्या रस्त्यांविषयी, आणि पुष्कळ वर्षांनी त्यांच्याकडे पुन्हा वळणाऱ्या काही छांदिष्ट माणसांविषयी मी चार शब्द सांगणार आहे. ही माणसे कुणीतरी वापरून टाकलेली एक लहानशी नाव विकत घेतात, ती खपून दुरुस्त करतात आणि ताशी चार मैलांच्या वेगाने प्रवासाला निघतात. ताशी चार मैल म्हणजे आपण झपझप चाललो तर होईल तेवढा वेग. आणि गंमत अशी, की तिथे बहुतेक कालव्यांवर ही वेगाची कमाल मर्यादा आहे!

आता तुम्ही म्हणाल, चालत जाता येईल तेवढ्या वेगासाठी हा एवढा खटाटोप कशाला? त्याचे उत्तर देण्यापूर्वी थोडा इतिहास पाहू.

१७६१ साली ड्यूक ऑफ ब्रिजवॉटर ह्या उमरावाचा कालवा सुरू झाला. वर्स्ली येथील आपल्या खाणींतला कोळसा मँचेस्टरला न्यावा, हा त्याचा हेतू. जेम्स ब्रिंडली ह्या अभियंत्याने कालव्याचे काम पाहिले. कालवा झाला आणि मँचेस्टरात कोळशाचा भाव जवळजवळ निम्म्यावर आला. कारण साधे आहे. त्या काळच्या खराब रस्त्यावर एका घोड्याला टनभर माल ओढतानाही धाप लागे. तोच घोडा काठाने चालत, दोराने नाव ओढत, वीस-पंचवीस टन सहज नेऊ लागला. मग काय विचारता! पुढल्या सत्तर वर्षांत इंग्लंडभर कालव्यांचे जाळे पसरले.

वाटेत टेकडी आली की पाणी चढवायचे कसे? त्यासाठी लॉक. लॉक म्हणजे पाण्याची पायरी. दोन्ही टोकांना दारे असलेला एक दगडी हौद. खालची नाव हौदात घ्यायची, मागचे दार लावायचे, वरच्या बाजूची झडप उघडायची. पाणी भरत जाते तशी नाव वर येते आणि वरचे दार उघडून पुढे जाते. मध्य इंग्लंडातल्या कितीतरी कालव्यांवर हा हौद अवघा सात फूट रुंद आहे. अडीचशे वर्षांपूर्वी ठरलेल्या ह्या सात फुटांनी आजही तिथल्या नावांची रुंदी ठरते. सहा फूट दहा इंचांच्या नावेला सगळीकडे वाट मिळते; त्याहून रुंद नावेला निम्मा देश बंद!

पुढे रेल्वे आली आणि कालव्यांना उतरती कळा लागली. १९४८ साली बहुतेक कालवे सरकारच्या ताब्यात गेले. १९६२-६३ च्या हिवाळ्यात कालवे आठवडेच्या आठवडे गोठून राहिले, उरलीसुरली मालवाहतूक मोडून पडली आणि कित्येक नावाडी कुटुंबांनी काठ सोडला. बुजवून टाका, वर रस्ते करा, असे म्हणणारे पुष्कळ होते. त्यांच्याविरुद्ध उभे राहिले ते हौशी लोक. एल. टी. सी. रोल्ट ह्या लेखकाने आपल्या 'क्रेसी' नावाच्या नावेतील प्रवासावर लिहिलेले 'नॅरो बोट' हे पुस्तक १९४४ साली निघाले. ते वाचून रॉबर्ट एकमन नावाच्या गृहस्थांनी रोल्टना पत्र लिहिले आणि त्या ओळखीतून १९४६ साली अंतर्गत जलमार्गांसाठी झटणारी एक संघटना उभी राहिली.

ह्या चळवळीतले दोन प्रसंग मला फार बोलके वाटतात. दोन्ही स्ट्रॅटफर्ड कालव्यावरचे आहेत. ह्या कालव्यावर लिफर्ड येथे नावेला वाट न देणारा एक ठेंगणा पूल होता. कालवा त्या वेळी रेल्वे कंपनीच्या मालकीचा. परंतु कायद्याने नावांचा जाण्यायेण्याचा हक्क शाबूत होता. १९४७ साली रोल्ट आपली 'क्रेसी' घेऊन तिथे आले आणि कंपनीला तो पूल उचलून त्यांना वाट द्यावी लागली. दुसरा प्रसंग त्यानंतर दहा-अकरा वर्षांनी घडला. ह्याच कालव्याचा दक्षिणेकडचा भाग कायमचा बंद करावा, असे तिथल्या जिल्हा प्रशासनाच्या मनात आले. गेली तीन वर्षे इथून कुणीच गेलेले नाही, असे त्यांचे म्हणणे. विरोधकांनी काय पुढे करावे? तर एका डोंगीतून गेलेल्या दोघा जणांच्या जकातीच्या पावत्या! म्हणजे गेले होते कुणीतरी. सरकारने कालवा बंद करायला नकार दिला. पुढे डेव्हिड हचिंग्ज ह्यांच्या पुढाकाराने स्वयंसेवकांनी, सैनिकांनी आणि तुरुंगातल्या कैद्यांनीसुद्धा चिखल उपसून तेरा मैलांचा तो भाग नीट केला. ११ जुलै १९६४ रोजी राजमातेच्या हस्ते तो पुन्हा खुला झाला.

ह्या कालव्यावरून दोन दिवस प्रवास करण्याचा योग मला काही वर्षांपूर्वी आला. ज्यांच्या नावेत मी होतो ते एक निवृत्त बसचालक. लहानपणी मामाच्या नावेत हिंडलेले; मग नोकरी, संसार, मुलांची शिक्षणे ह्यांत पंचवीस वर्षे कालव्याकडे फिरकता आले नव्हते. नोकरी संपल्यावर त्यांनी एक क्रूझर घेतली.

क्रूझर म्हणताच काही श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे तोफा लावलेली युद्धनौका आली असेल. तसे काही नाही. ही वीस-बावीस फुटांची, फायबरग्लासची, दोन माणसांना कशीबशी झोपता येईल अशी नाव. अशा नावा तिकडे साठ आणि सत्तरच्या दशकांत फार निघाल्या. पोलादी लांब नाव घ्यायची तर हजारो पौंड हवेत, कित्येकदा घराच्या किमतीशी तुलना व्हावी इतके. जुनी क्रूझर मात्र एखाद्या जुन्या मोटारीच्या भावात, कधी त्याहून कमीतही मिळते. साध्या मिळकतीच्या माणसाला पाण्यावर जायचे तर हाच दरवाजा उघडा असतो.

आमच्या बसचालकांना ती एका शेतामागे सापडली. आत पाचोळ्याचा थर, गाद्यांवर बुरशी, तळात पावसाचे घोटाभर पाणी. त्यांचे दोन हिवाळे तिच्यावर गेले. मी त्यांना विचारले, "सुरुवात कुठून केलीत?" ते म्हणाले, "प्रोफेसर, लोक रंगापासून सुरुवात करतात. रंग सगळ्यांत शेवटी!"

त्यांचा क्रम ऐकण्यासारखा होता. प्रथम नावेचे कवच. बाजारात आपण मडके वाजवून घेतो ना, तशी ही नाव लाकडी मोगरीने हलके ठोकून पाहायची. खणखणीत आवाज आला तर कवच घट्ट. बद्द आवाज आला तर आतले थर सुटलेले. फायबरग्लासमध्ये वर्षानुवर्षे पाणी मुरले की पृष्ठभागाखाली बारीक फोड येतात. चार फोडांनी नाव बुडत नाही, ते घासून, नीट वाळवून, इपॉक्सीने भरता येतात. दुसरे, नावेची मागची उभी बाजू, जिच्यावर इंजिन टांगलेले असते. तिच्या पोटात प्लायवुड असते. ते कुजले असेल तर इंजिन हलवताच ती बाजूही हलते, आणि मग काम मोठे. तिसरे, खिडक्या आणि छत. लहान क्रूझर खालून जितकी भिजत नाही तितकी वरून भिजते. खिडकीचे रबर तडकले की पाणी भिंतीत उतरते आणि आतले लाकूड खाते. म्हणून आधी गळती थांबवायची, मग आतले सामान करायचे. उलट क्रम धरणाऱ्याला तेच काम दोनदा करावे लागते.

चौथी गोष्ट गॅस आणि वीज. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड. घरात तो गळला तर दाराखिडक्यांतून निघून जाण्याची थोडीतरी आशा असते. नावेत तो तळाशी साचतो आणि एका ठिणगीची वाट पाहतो. म्हणून सिलिंडर स्वतंत्र कप्प्यात ठेवायचा आणि त्या कप्प्याच्या तळाला थेट बाहेर उघडणारे भोक हवे. जुन्या वायरी सरळ काढून टाकायच्या. झोपण्याच्या जागी कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारी घंटा हवी. २०१९ पासून तर ती नियमानेच लागते. हे सगळे दर चार वर्षांनी तपासनीस पाहतो. त्याचे प्रमाणपत्र आणि विमा असल्याशिवाय कालव्यावर यायचा परवाना मिळत नाही. शिवाय नाव बांधायला कायमची जागा पाहिजे, नाहीतर सतत हिंडत राहायचे. एका ठिकाणी साधारणपणे चौदा दिवसांपेक्षा अधिक मुक्काम नाही. तेव्हा नावेची किंमत ही खर्चाची नुसती सुरुवात. हत्ती विकत घेणे सोपे, त्याला पोसणे अवघड, हे आपल्याकडचे शहाणपण तिथेही तंतोतंत लागू पडते.

किंग्जवुडहून आम्ही निघालो. स्ट्रॅटफर्डपर्यंत छत्तीस लॉक. झडपा उघडण्याचे लोखंडी हँडल त्यांनी माझ्या हातात दिले आणि दोनच गोष्टी बजावल्या. पहिली, झडप हळू उघडायची. पोलादी नावा जड असतात, ही हलकी पोर एकदम आलेल्या पाण्याने भिंतीवर आपटते. दुसरी, खाली उतरताना वरच्या दारापासून लांब राहायचे. तिथे पाण्याखाली दगडी उंबरा असतो. पाणी उतरत असताना नावेचा मागचा भाग त्याच्यावर टेकला तर पुढचा भाग खाली जातो आणि बघता बघता नाव उलटते. दोरही गाठ मारून बांधायचा नाही, हातात सैल धरायचा, म्हणजे पाण्याबरोबर नाव खाली जाईल, दोराला लटकणार नाही.

त्या कालव्यावरच्या काही पुलांना मधोमध बोटभर फट आहे. पूर्वी घोडा पुलाखालून न जाता बाजूने गेला तरी त्याचा दोर त्या फटीतून सरकवता यावा, म्हणून ती ठेवलेली. घोडा गेला, फट राहिली. पुढे एडस्टोन येथे कालवा लोखंडी पन्हळीतून रस्ता आणि रूळ ओलांडतो, आणि चालण्याची पाऊलवाट पन्हळीच्या तळाच्या पातळीला आहे. वाटेवरचा माणूस नावेतल्या माणसाकडे मान वर करून पाहतो! सात फूट दहा फूट अशा एकेका पायरीने आम्ही खाली उतरत होतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्ट्रॅटफर्डच्या नाटकगृहाशेजारच्या तळ्यात नाव शिरली. बसचालक काही बोलले नाहीत. त्यांनी आधी इंजिन बंद केले आणि मग कितीतरी वेळ दोर नीट गुंडाळत बसले.

श्रोतेहो, एका लॉकमधून नाव गेली की सुमारे लाखभर लिटर पाणी एक पायरी खाली जाते. ते पाणी येते डोंगरातल्या जुन्या तलावांतून. हे तलाव, बांध, दारे, सगळे दोन-दोनशे वर्षांचे. ऑगस्ट २०१९ मध्ये अतिवृष्टीने टॉडब्रुक तलावाच्या सांडव्याची मोडतोड झाली, तेव्हा व्हेली ब्रिज गावातल्या सुमारे दीड हजार माणसांना घरे सोडावी लागली. २०२५ च्या कोरड्या उन्हाळ्यात पाणीच नसल्यामुळे लीड्स-लिव्हरपूल कालव्याचा मोठा भाग नावांना बंद राहिला. २०१२ पासून सुमारे दोन हजार मैलांचे जलमार्ग एक धर्मादाय न्यास सांभाळतो. आणि २०२७ नंतर त्याचे सरकारी अनुदान पूर्वीइतके राहणार नाही, असे २०२३ साली जाहीर झाले. पैसा कुठून तरी यायलाच हवा, म्हणून परवान्याचे दरही चढत आहेत. ते चढत गेले तर आधी निघून जाईल तो हाच बावीस फुटी क्रूझरवाला. मोठ्या नावा राहतील, श्रीमंतांचे मुक्काम राहतील. लॉकवर मात्र गर्दी विरळ होईल.

आणि कालव्याचे असे आहे, की तो नुसता राखून राहत नाही. नावा चालल्या तर गाळ हलता राहतो, दारे उघडमीट होऊन चालती राहतात, झडप बिघडली तर त्याच दिवशी कुणीतरी कळवतो. नावा थांबल्या की शेवाळ, मग बोरू, मग झुडपे, आणि मग कचरा. त्या दोन पावत्यांनी हेच तर सिद्ध केले होते. कालवा जिवंत आहे की मेला, ह्याचा निकाल त्यावरून कुणी गेले होते की नाही, एवढ्यावर लागला. जाणाऱ्याची नाव मोठी की लहान, नवी की जुनी, हे कुणी विचारले नाही.

म्हणून शेतामागे पडलेली एखादी क्रूझर ओढून आणणारा माणूस केवळ स्वतःची हौस भागवतो, असे मला वाटत नाही. दोन हिवाळे थंडीत खपून, हातांना राळ फासून तो एक नाव पाण्यावर आणतो, आणि जाता जाता पुढच्या माणसासाठी वाट उघडी ठेवतो. आमचे बसचालक मला निरोप देताना म्हणाले होते, "पुढच्या वर्षी या. मात्र लवकर या. परवाना परवडेल तोवरच." त्यांची नाव यंदाही चालू आहे, असे त्यांचे पत्र गेल्या महिन्यात आले. खिडकीचे एक रबर पुन्हा बदलले म्हणतात.